चार वाजून पस्तीस मिनिटं

अमरावतीच्या राजापेठेत कुणी नवी दुचाकी शोरूममधून बाहेर काढणार असो, की नव्या फ्लॅटात पहिल्यांदा दूध उतू घालवायचं असो, मोरोपंतांना विचारल्याशिवाय सहसा कुणी हात लावत नाही. चोपन्न वर्षांचा गृहस्थ. आजोबांनी हौसेनं पणजोबांचं नाव ठेवलं, त्यामुळे बिचारा पहिलीत असल्यापासूनच म्हातारा. मंगलाष्टकं म्हणायला उभा राहिला की कार्यालयातला माइक बंद केला तरी चालतं. घरात मात्र आवाज इतका खाली, की बायको शकुन वैतागून म्हणते, "जरा मोठ्यानं बोला हो, मी काय भिंतीला कान लावून बसू?"

कामात मात्र काटेकोर. राहुकाळ, म्हणजे दिवसातला तो दीड तास ज्यात नवं काही सुरू करायचं नाही, तो भिंतीवरच्या कॅलेंडरात सगळ्या गावांना एकच छापलेला असतो. मोरोपंतांना तो चालत नसे. "मुंबईचा सूर्य आणि अमरावतीचा सूर्य एका वेळी उगवतो का?" असं विचारून ते स्वतः गणित मांडत आणि मंगळवारचा राहुकाळ संपायची वेळ कॅलेंडरातल्या साडेचारच्या जागी चार वाजून पस्तीस मिनिटं काढून देत. ती पाच मिनिटं लोकांना फार आवडायची. असा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि वर्षभर एक खोटं बोलून बसला होता. तेही पोटच्या पोरीशी.

मुलगी एकच, मैथिली. दहावीपासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. राजापेठेत राहून हे व्हायचंच होतं म्हणा. त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीसमोर तीन क्लासांचे फ्लेक्स, आणि त्यावर दरवर्षी नव्या पोरांचे चेहरे, नावाखाली गुण आणि कॉलेज. मैथिली कपडे वाळत घालायला आली की ती सगळी पोरं तिच्याकडे बघत असायची. बारावीच्या वर्षी नीट परीक्षेत तिला कमी पडले. एक वर्ष घरी बसून पुन्हा दिली, तेव्हा गुण असे आले की हसूही येईना आणि रडूही येईना. सरकारी जागा मिळालीच तर शेवटच्या पाच-दहांत.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. गुण मिळाले म्हणजे जागा मिळाली, असं या कारभारात नसतं. प्रत्येक फेरीला कोणतं कॉलेज आधी, कोणतं नंतर, अशी यादी ऑनलाइन भरायची. शेवटचं बटण दाबलं की घरच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो, तो दहा मिनिटांत टाकायचा. तेव्हा फॉर्म पक्का. शेवटच्या दिवशी पाच वाजले की दार बंद, आणि पक्का न केलेला फॉर्म त्या फेरीपुरता भरलाच नाही असं धरतात.

मागच्या वर्षी तिसऱ्या फेरीचा फॉर्म ऑक्टोबरात आला, तेव्हा मैथिली डेंग्यूनं दवाखान्यात होती. हाताला सलाइन, ताप उतरत नव्हता. तशातही तिनं औषधाच्या चिठ्ठीमागे कॉलेजांची नावं लिहून दिली. सगळ्यात वर अकोला, कारण तिथे तारा आत्या होती. चिठ्ठी देताना म्हणाली, "बाबा, सोमवारी सकाळीच करून टाका. शेवटच्या दिवसाची वाट नका बघू."

"हो," मोरोपंत म्हणाले.

पण सोमवारी भद्रा होती, शुभकामाला वर्ज्य. मंगळवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी अडीचपर्यंत व्यतीपात. मग तीन वाजून सहा मिनिटांपर्यंत काळ चौघडिया, म्हणजे दिवसाच्या आठ भागांतला एक अशुभ भाग, आणि तिथून राहुकाळ, तो थेट चार पस्तीसपर्यंत. उरली पंचवीस मिनिटं. फॉर्मची वेळ विचारायला आलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, महाराज, पण त्यानंतर रोग चौघडिया लागतो ना? मोरोपंत हसून म्हणाले, "पोराला डॉक्टर करायचंय ना? मग रोगाला भिऊन कसं चालेल?" सगळी बैठक हसली. त्या एका विनोदावर आणखी चार जण चार पस्तीस लिहून घेऊन गेले.

असे एकूण पंधरा जण झाले. पंधरा आईबाप, सगळ्यांना एकच वेळ, आणि सगळ्यांचे फॉर्म श्रावणच्या दुकानात. श्रावणचं इंटरनेटचं दुकान मोरोपंतांच्याच इमारतीत तळमजल्यावर. तिथे कॉम्प्युटर दोन. लग्नाचा मुहूर्त एका मांडवात एकाच जोडप्याचा असतो, हे तीस वर्षं लग्नं लावणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. चार पस्तीसला दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. मैथिलीचा फॉर्म श्रावणनं पहिल्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवला होता, खुर्चीवर मोरोपंत बसले होते. पण पंगतीत पाहुणे उठल्याशिवाय घरच्यांनी बसायचं नाही, हा त्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा शिरस्ता. "महाराज, आमचं घ्या ना आदी," कुणी म्हटलं की ते उठत. "या, या. माझं काय, घरचंच आहे."

शेवटी पाचला दहा कमी असताना गजेंद्र धापा टाकत आला. त्याचं चौकात कृषी केंद्र, गिऱ्हाईक सोडून यायला उशीर झाला होता. त्याची पायल मैथिलीच्याच वर्गातली. मोरोपंत पुन्हा उठले आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मैथिलीचा नंबर लागला तेव्हा पाचला तीन कमी. घाईत श्रावणकडून पासवर्ड एकदा चुकला. बटण दाबलं, ओटीपी आला, मोरोपंतांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पहिला आकडा वाचला, तोवर पाच वाजले होते.

मोरोपंत जिना न चढता थेट दवाखान्यात गेले. मैथिलीनं डोळे उघडले. "झालं?"

"झालं," मोरोपंत म्हणाले.

बस, एवढंच. एक शब्द. खोटं बोलायचं असं त्यांनी ठरवलंही नव्हतं. पोरीच्या अंगात ताप होता, शकुन उशाशी बसली होती, आणि तो शब्द तोंडातून निघून गेला. नंतर तो मागे घ्यायला रोज एक दिवस मिळत होता आणि रोज तो दिवस हातचा जात होता.

यादी लागली तेव्हा मैथिली घरी आली होती. पलंगावर बसून तिनं मोबाइलवर यादी उघडली. अंगठ्यानं वर सरकवत, खाली सरकवत ती बराच वेळ बघत राहिली. मोरोपंत दारात उभे. "कटऑफ वर गेला असेल," ते म्हणाले.

तिनं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं. "हो बाबा," ती म्हणाली. "वर गेला."

मोरोपंतांच्या जिवात जीव आला, आणि तो आला याचीच त्यांना पुढे जन्मभर लाज वाटावी, असा तो क्षण होता. यादी म्हणजे लागलेल्यांची नावं, एवढीच त्यांची समजूत. ऑनलाइनचं सगळं श्रावण बघायचा.

दोन दिवसांनी गजेंद्र पेढे घेऊन आला. जिन्यातूनच त्याचा आवाज. "महाराज! पायलले अकोला लागलं! अजी, तुमच्या मुहूर्तानं लागलं, मी तं सगळ्याईले सांगून राहिलो!" मैथिली आतल्या खोलीतून बाहेर आली. तिनं पेढा घेतला, उभ्या उभ्या सगळा खाल्ला आणि म्हणाली, "काका, पायलला माझं अभिनंदन सांगा." मोरोपंतांचा पेढा हातातच मऊ झाला. शेवटी त्यांनी तो देवापुढे ठेवला.

त्या पंधरांतल्या चार मुलांना जागा मिळाल्या. चार पस्तीसचा बोलबाला झाला. डॉक्टरकीचे फॉर्म, इंजिनिअरिंगचे फॉर्म, एका गृहस्थानं तर पासपोर्टच्या फॉर्मचा मुहूर्त विचारला. बैठकीच्या खोलीत माणसं येऊन बसायची, चहा व्हायचा, गजेंद्रच्या पायलची गोष्ट नव्यानं सांगितली जायची. आणि मधल्या पातळ भिंतीपलीकडे मैथिली पुस्तक उघडून बसलेली असायची. दिवाळी झाल्यावर तिनं बॅग भरली. "मी अकोल्याला आत्याकडे राहते," ती म्हणाली. "तिथे माझा अभ्यास होईल." पोर निराश झाली, तिला हवापालट हवी, असं मोरोपंतांनी शकुनला समजावलं. शकुनलाही खरं ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं फक्त श्रावणला. तो तोंडाचा पक्का. मोरोपंत जिना उतरले की तो कीबोर्डवरची धूळ झाडायला लागायचा. इमारतीला दुसरा जिना नव्हता. दिवसातून चार वेळा मोरोपंतांना त्या दुकानासमोरून जावं लागे.

एकदा त्यांनी मनाचा हिय्या केला आणि बस पकडून अकोल्याला गेले. तारा, त्यांची धाकटी बहीण, जठारपेठेत राहते. तिनं पोहे केले. मैथिली समोर बसली, आईची चौकशी केली, अभ्यासाचं सांगितलं. "इथून कॉलेज जवळ आहे का गं?" मोरोपंतांनी विचारलं. "रोज त्यावरूनच क्लासला जाते," ती म्हणाली. खरं सांगायचा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो पोह्यांच्या घासाबरोबर गिळला. निघताना तारा दाराशी म्हणाली, "दादा, तुला काही बोलायचं होतं का रे तिच्याशी?" "छे, सहज आलो होतो," म्हणून ते परतीच्या बसला लागले. बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत ते स्वतःलाच शिव्या देत होते, आणि त्यानंतर झोपले. माणूस कशालाही सरावतो.

फॉर्मचे मुहूर्त द्यायचं बंद करायचं, असंही त्यांनी ठरवून पाहिलं. यंदा सप्टेंबरात एकाला सरळ सांगितलं, "कशाला वेळ बघता, सकाळी उठा, आंघोळ करा आणि भरून टाका." त्या गृहस्थाचा चेहरा उतरला. "महाराज, गजेंद्रभाऊले चार पस्तीस देल्लं, अन् आमाले सकाळ? आमी काय वाकडं केलं जी तुमचं?" आता याला काय सांगणार? कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मोरोपंतांनी पंचांग ओढलं.

मैथिलीनं तिसऱ्यांदा परीक्षा दिली. गुण पुन्हा काठावरचे. पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत नाही. घरी ठरलं होतं की हे शेवटचं. यानंतर बीएस्सीला नाव घालायचं आणि डॉक्टरकीचं नाव काढायचं नाही. तिसऱ्या फेरीचा शेवटचा दिवस यंदाही मंगळवारच आला. याला योग म्हणायचं की सरकारी वेळापत्रक, यावर विचार करायचं मोरोपंतांनी टाळलं. शकुनकरवी त्यांनी अकोल्याला निरोप पाठवला: चार पस्तीस. मैथिलीनं निरोपावर काही उत्तर दिलं नाही. फॉर्म ती आत्याच्या घरूनच भरणार होती, पण सुरुवातीपासून नोंदवलेला मोबाइल मोरोपंतांचा. ओटीपी इथेच येणार होता.

त्या मंगळवारी साडेतीनला नांदगाव खंडेश्वरहून भगवंतराव आणि सुभद्राबाई आले. घरची काळी जमीन, नांगर-वखरातली माणसं. गावातल्या घराची वास्तुशांत मोरोपंतांनीच केली होती. त्यांची मुलगी अपेक्षा खाली श्रावणच्या दुकानात फॉर्म उघडून बसली होती. भगवंतरावांनी टोपी मांडीवर ठेवली. "महाराज, एक इनंती हाय. चार पस्तीसले तुमी खाली या, अन् ते बटन तुमच्या हातानं दाबा. आमच्या घरात डाक्टर कोनी नाई झालं. तुमचा हात लागला म्हंजे झालं."

मोरोपंत स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. मैथिली. एरवी ती आईच्या फोनवर करायची.

"बाबा, ओटीपी आला असेल. सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार होऊन गेले होते. "अगं मैथिली, आत्ता राहु..."

"राहुकाळ आहे, माहीत आहे मला. म्हणूनच आत्ता भरतेय. चार पस्तीसला तुमचे सगळे यजमान खुर्चीवर बसतील, मग माझा नंबर कधी लागायचा?"

अकोल्यात बसलेल्या मुलीला राजापेठेतल्या खुर्चीशी काय घेणं होतं? मोरोपंतांना ते कळायला वेळ लागला नाही. समोर भगवंतराव आणि सुभद्राबाई हात जोडल्यासारखे बसलेले. "तुला कुणी सांगितलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं? यादीत सगळ्यांची नावं असतात, बाबा. ज्यांना नाही मिळालं त्यांचीसुद्धा. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, फॉर्म भरलेला नाही. आणि अकोल्यापुढे पायलचं नाव होतं. माझ्यापेक्षा सात गुण कमी. मग क्लासच्या पोरींना विचारलं, तर त्यांच्या आईवडिलांनी सगळं सांगितलंच. तुम्ही किती मोठ्या मनाचे, सगळ्यांना आधी बसवलंत म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," मैथिली म्हणाली. तिचा आवाज फाटला, आणि तिनं तो लगेच सावरला. "सहा मिनिटं राहिलीत, बाबा. आकडे सांगा."

मोरोपंतांनी चष्मा चढवला. आणि त्यांच्या नकळत आवाज निघाला तो कार्यालयातला, माइक नको असलेला. "चार. शून्य. सात. सात. एक. नऊ." आतून शकुन हात पुसत बाहेर आली.

"झालं," पलीकडून मैथिली म्हणाली आणि फोन बंद झाला. फोनवर संदेश आला: तुमचा फॉर्म पक्का झाला आहे, वेळ तीन बावन्न.

भगवंतरावांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "महाराज, राहुकाळ हाय म्हनले ना तुमी?"

"आहे."

"अन् सोताच्या पोरीचं आता करून राहिले?"

"हो."

"मंग आमच्या पोरीले काहून थांबवलं?"

शेतातल्या माणसाचा साधा प्रश्न. त्यात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. सुभद्राबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अवो, इचारत काय बसले! फोन लावा पोरीले, म्हना दाब आता!"

"फोन नको," मोरोपंत म्हणाले. "मीच येतो." आणि ते अनवाणीच जिना उतरले.

दुकानात आठ-दहा घरची माणसं भिंतीला टेकून घड्याळ बघत होती. दोन्ही कॉम्प्युटरवर काम काहीच चालू नव्हतं. एकासमोर नुसती अपेक्षा बसलेली, दुसऱ्यासमोर रिकामी खुर्ची. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून गजेंद्र उभा होता. यंदा त्याच्या धाकट्याचा फॉर्म होता.

"थांबू नका कुणी," मोरोपंत म्हणाले. "आत्ता भरा. चार पस्तीसची वाट बघू नका."

कुणी हललं नाही. गजेंद्र हसला. "महाराज, तब्येत बरी हाय ना? आता राहुकाळ हाय. तुमीच सांगतलं."

"मी सांगितलं ते विसरा. मैथिलीचा फॉर्म मी आत्ता, राहुकाळात पक्का केला." त्यांनी मोबाइल पुढे धरला.

गजेंद्रनं तो बघितलाही नाही. "बुरा नोका मानू महाराज, पन मैथिली मागच्या साली कुठं लागली होती?"

"नाही लागली."

"आमची पायल लागली. मंग आमी कोनाचं ऐकाव, सांगा!" आणि तो सगळ्यांकडे बघून असा हसला की आणखी दोघं हसले. विश्वास तरी किती पक्का असावा! मोरोपंतांनी तो स्वतःच्या हातानं रचला होता, आणि आता त्यातून बाहेर पडायला त्यांनाच दार सापडेना. परत वर जावं, चार पस्तीस होऊ द्यावेत, कोण विचारतंय, असं एकदा त्यांच्या मनात आलं. जिन्यात शकुन उभी होती.

"ती लागली नाही," मोरोपंत म्हणाले, "कारण मागच्या वर्षी चार पस्तीसला, याच दुकानात, तिचा नंबर तुमच्यामागे होता. पंधरा जणांना मी एकच वेळ दिली. सगळ्यांना आधी बसवलं. तिचा फॉर्म मी पाचच्या आत पक्का करू शकलो नाही. तिला दवाखान्यात जाऊन सांगितलं, झालं म्हणून. मुहूर्तानं कुणाला जागा मिळाली की नाही, मला माहीत नाही. माझ्या मुहूर्तानं तिची गेली, हे मला माहीत आहे."

पंखा फिरत होता. गजेंद्र श्रावणकडे वळला, जणू श्रावण हे खोटं आहे म्हणून सांगणार होता. श्रावण कीबोर्डकडे बघत म्हणाला, "खरं हाय, गजेंद्रभाऊ. तिच्या आदी या खुर्चीवर तुमीच बसले होते. महाराजानं उठून देल्ली."

गजेंद्रनं खुर्चीवरचा हात काढला, भाजल्यासारखा. मग म्हणाला, "मंग आदी मैथिलीचं करा."

"तिचं झालं," मोरोपंत म्हणाले. "तुमचं करा."

मग मात्र गडबड उडाली. अपेक्षानं बटण दाबलं, सुभद्राबाईंनी ओटीपीचे आकडे ओरडून वाचले, मागून आणखी कुणी आलं. जाताना भगवंतरावांनी नेहमीसारखे पाय धरले नाहीत, नुसता दुरून नमस्कार केला. एकट्या पार्बताबाई, नातवाचा फॉर्म घेऊन बडनेऱ्याहून आलेल्या, जागच्या हलल्या नाहीत. "मी तं चार पस्तीसलेच करीन बापा," त्या म्हणाल्या. "तुमचा इस्वास उडाला असन, माहा नाई उडाला." मोरोपंत त्यांच्याशेजारी बाकावर बसून राहिले. चार पस्तीसला दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. दोन मिनिटांत त्यांचं काम झालं. "पायलं ना, झालं का नाई?" असं म्हणून म्हातारी काठी टेकत निघून गेली.

मोरोपंत वर आले. शकुननं देवापाशी दिवा लावला, चहा केला नाही. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. तिला काय सांगणार? ती ज्या उशाशी बसली होती तिथेच तर ते बोलले होते. ते नेहमीच्या जागी पाटावर बसले. गजेंद्रच्या दुकानाचं शटर आज लवकर पडल्याचा आवाज आला.

तेव्हा फोन वाजला.

"यादी शनिवारी लागेल," मैथिली म्हणाली.

"बरं."

"बाबा, पंचांग उघडलंत ना?"

मोरोपंतांनी खाली पाहिलं. मांडीवर पंचांग होतं आणि बोट शनिवारच्या ओळीवर. कधी उघडलं, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. काल विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

"हो," ते म्हणाले.

"मग? काय निघतंय?"

"तिथी आहे, नक्षत्र आहे." त्यांनी पंचांग मिटलं. "तुझा नंबर लागेल की नाही, ते यात नाही गं."

"ते मला माहीतच होतं," मैथिली म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

आज, असं म्हणता आलं असतं. तीन बावन्नला, असंही म्हणता आलं असतं, आणि ती कदाचित हसलीही असती. शकुन वळून त्यांच्याकडे बघत होती.

"मागच्या वर्षीच," मोरोपंत म्हणाले. "पाच वाजता."

मोरोपंत फोन कानाला लावून बसून राहिले. तिनं तो ठेवला नव्हता.